शिल्ड जिंकलेला संघच २०२१च्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरला असता तर?

बोरीपार
२४ ऑक्टोबर २०२५, रात्री १०.४०

बुधवारी सौदीचा अल नासर मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर आपल्या एफसी गोवाशी खेळून गेला. रोनाल्डो आला नाही याची अनेकांना हळहळ आहे, मला नाही. ४१व्या मिनिटाला ब्रायसनने गोल केला तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाने मला कडकडून मिठी मारली, तिथेच तिकिटाचे पैसे वसूल झाले. १-२ हरलो. परतताना गाडीत चौघे होतो. बोरीचा पूल येईपर्यंत कोणी तोंड उघडलं नाही. पुलावर एकाने जो विषय काढला, तो फोंड्यात घरासमोर गाडी लावली तरी मिटला नाही. तोच इथे मांडतो.

१९ फेब्रुवारी २०२०ला आपण जमशेदपुरात जाऊन ५-० जिंकलो आणि आयएसएलची (इंडियन सुपर लीग) पहिली लीग विनर्स शिल्ड, म्हणजे साखळीत अव्वल ठरल्याची ढाल, गोव्यात आणली. त्या शिल्डमुळे आशियाई महासंघाच्या, म्हणजे एएफसीच्या, चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत थेट जागा मिळाली. तोवर ती भारतातल्या एकाही क्लबला मिळाली नव्हती. पण स्पर्धा झाली एप्रिल २०२१मध्ये, म्हणजे चौदा महिन्यांनी, आणि तेवढ्या काळात संघ पांगला. प्रशिक्षक लोबेराला तर शिल्ड हातात येण्याआधीच, जानेवारीअखेर काढलं होतं. शेवटचे सामने क्लिफर्ड मिरांडाने सांभाळले. मग लोबेरा मुंबई सिटी क्लबला, त्याच्यापाठोपाठ जाहू, बुमूस, फाल आणि आपला मंदार राव देसाई. गोल करणारा कोरो गेला, कार्लोस पेन्या गेला, जॅकीचंद गेला, मनवीर गेला, पुढच्या जानेवारीत लेनीसुद्धा. ज्यांनी जागा कमावली त्यांच्यातले उरले ते ब्रँडन, एदू बेदिया, सेरिटन असे बोटांवर मोजण्याइतके.

प्रश्न असा. गट तोच धरा: इराणचा पर्सेपोलिस, अमिरातीचा अल वहदा, कतारचा अल रय्यान. फातोर्डा तेच, एप्रिलचा उकाडा तोच, कोविडमुळे रिकामे स्टँडही तेच. बदल एकच, संघ २०१९-२०चा. किती गुण मिळाले असते?

प्रत्यक्षात काय झालं ते आठवणीसाठी लिहितो. अल रय्यान ०-०, अल वहदा ०-०, पर्सेपोलिसकडून १-२ आणि ०-४, मग अल रय्यान १-१, शेवटी अल वहदाकडून ०-२. तीन गुण, तिसरा क्रमांक.

माझं मत: दोन विजय आणि दोन बरोबरी, एकूण आठ गुण. पर्सेपोलिसला हरवलं नसतं, ते आदल्याच हंगामात अंतिम सामना खेळून आले होते. पण बाकी दोघे आपल्या आवाक्यात होते.

डिचोली_१०
२४ ऑक्टोबर, रात्री ११.०५

आठ? मी दहा म्हणतो. १८ सामन्यांत ४६ गोल करणारा संघ होता तो. कोरोचे १४. बुमूसचे ११ आणि वर दहा गोलांना पास, हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू तोच. २०२१मध्ये सहा सामन्यांत आपले गोल किती? दोन. त्या दोन गोलशून्य बरोबऱ्यांचे सामने मी पूर्ण पाहिलेत. बचाव भक्कम, गोलरक्षक धीरज भिंतीसारखा उभा, आणि पुढे चेंडू गेला की शेवटचा पाय लावायला कोणी नाही. तिथे कोरो असता तर?

माझा भाऊ त्या हंगामात प्रत्येक घरच्या सामन्याला डिचोलीहून बस बदलत जायचा. शेवटची बस चुकली की मडगावात मित्राकडे राहायचा. त्याच्यासाठी तरी दहा गुण द्या.

फातोर्डा_पास
२४ ऑक्टोबर, रात्री ११.२०

डिचोली_१० +१. कोरोसाठी काहीही.

आकडेमोड
२५ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

धागा आवडला. पण सगळेच एक गोष्ट विसरताहात आणि तिच्यामुळे प्रश्नच बदलतो.

त्या वेळी एएफसीच्या स्पर्धेत ३+१चा नियम होता. कुठल्याही देशाचे तीन परदेशी आणि चौथा आशियाई देशाचाच हवा. आयएसएलमध्ये तेव्हा मैदानावर पाच परदेशी चालायचे. शिल्डवाल्या संघातले परदेशी मोजा: कोरो, बेदिया, पेन्या हे स्पेनचे, जाहू आणि बुमूस मोरोक्कोच्या बाजूचे, फाल सेनेगलचा. आशियाई एकही नाही. म्हणजे सहांतले तीनच उतरले असते आणि चौथी जागा रिकामी, किंवा नवा माणूस आणून भरायची. २०२१च्या संघाने हेच केलं. डोनाची ऑस्ट्रेलियाचा म्हणून तो चौथा, आणि बेदिया, ओर्टिझ, इव्हान गोन्झालेझ हे तीन. १४ गोल करून आयएसएलचा गोल्डन बूट घेतलेल्या अंगुलोला याच हिशेबात बाहेर बसावं लागलं. त्याला संघात घेतलं नाही म्हणून तेव्हा आपल्यातलेच किती जण चिडले होते, आठवतं ना?

तेव्हा 'शिल्डवाला संघ' असा अख्खा उचलून त्या गटात ठेवता येत नाही. आधी तीन नावं सांगा, मग गुण मोजू.

आणि दुसरा आकडा, जो डिचोलीकरांनी दिला नाही. त्याच १८ सामन्यांत आपण २३ गोल खाल्ले होते. उपांत्य फेरीत चेन्नईत चार खाल्ले, फातोर्ड्यावर चार मारूनही ५-६ने बाहेर पडलो. चेन्नईयिनला जे जमलं ते पर्सेपोलिसला जमलं नसतं का?

बोरीपार
२५ ऑक्टोबर, सकाळी ९.१५

आकडेमोड, खरंच आभार. ३+१ डोक्यातून पूर्ण गेला होता. गाडीतल्या चौघांपैकी एकालाही आठवला नाही.

मग माझे तीन: कोरो, बुमूस, जाहू.

कुडचडेचा_बॅक
२५ ऑक्टोबर, दुपारी १.३०

मी वीस वर्षं गावच्या संघात मागे खेळलो. भात कापून झाल्यावर शेतात गोलपोस्ट रोवून ज्या स्पर्धा भरतात, तिथपासून तालुक्यापर्यंत. तेव्हा माझं बोलणं मागच्या माणसाचं असणार, हे गृहीत धरा.

फालशिवाय तुम्ही पर्सेपोलिससमोर उभे कसे राहणार? त्यांचे कॉर्नर आठवा, फ्री किक आठवा. पहिल्या सामन्यात आपण १४व्या मिनिटाला पुढे गेलो, ब्रँडनची फ्री किक आणि बेदियाचं डोकं. चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा पहिला गोल. पुढची दहा मिनिटं संपायच्या आत तोराबीची पेनल्टी आणि होसेनीचा गोल. जलाल होसेनी बचावपटू होता. बचावपटू पुढे येऊन गोल करून जातो, तेव्हा आपल्याकडे उंच आणि आडदांड माणूस लागतो. फाल तसा होता, आणि तो स्वतःही पुढे जाऊन डोक्याने गोल करायचा.

कोरोबद्दल वाईट वाटून घेऊ नका, पण त्याचा जन्म जानेवारी १९८३चा. एप्रिल २०२१ला अडतीस. सामने १४, १७, २०, २३, २६ आणि २९ तारखेला, म्हणजे सोळा दिवसांत सहा. एप्रिलमध्ये मडगावात रात्रीही अंगाला शर्ट चिकटतो. मी पंचविशीत असताना दोन दिवसांआड खेळलोय, तिसऱ्या सामन्याला पाय उचलत नव्हते. कोरो पहिल्या दोन सामन्यांत चमकला असता, पाचव्यात बाकावर बसला असता.

माझे तीन: फाल, जाहू, बुमूस. पुढे ईशान पंडिता किंवा आपला देवेंद्र मुरगावकर पळू दे. पाय तरणे हवेत.

डिचोली_१०
२५ ऑक्टोबर, दुपारी २.००

कोरोला वगळणारा माणूस या धाग्यावर असेल असं वाटलं नव्हतं. ५७ सामन्यांत ४८ गोल आहेत त्याचे आपल्यासाठी. दोन वेळा गोल्डन बूट, २०१७-१८ला १८ गोल, पुढच्या हंगामात १६. वय त्याने तेव्हाही मानलं नव्हतं, चौतिशीत आला होता गोव्यात. त्याला पळायची गरज नसायची हो. कुठे उभं राहायचं ते त्याला कळायचं.

पण उंचीचा आणि सोळा दिवसांचा मुद्दा पटला. माझे दहा आता सात.

जुना_धेंपो
२५ ऑक्टोबर, सायंकाळी ६.४५

तुम्हा मुलांचं सगळं २०१४पासून सुरू होतं. 'असता तर' म्हणायचंच तर गोव्याच्या जुन्या धेंपो क्लबचं म्हणा.

२००७-०८ ते २०१२-१३, आय-लीग या तेव्हाच्या अव्वल राष्ट्रीय लीगचे सलग सहा हंगाम करंडक गोव्याबाहेर गेला नाही. धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. प्रशिक्षक आर्मांदो कुलासोचा तो धेंपो: मागे महेश गवळी आणि समीर नाईक, मध्ये क्लायमॅक्स लॉरेन्स, डावीकडे क्लिफर्ड, पुढे बेटो आणि रँटी. २०११-१२ला एकट्या रँटी मार्टिन्सने ३२ गोल केले. २००८ला हाच क्लब एएफसी कपच्या उपांत्य फेरीत पोचला होता. लक्षात घ्या, तो जवळजवळ अख्खा गोव्याच्या मुलांचा संघ होता. परदेशी कमी केले म्हणून त्याचा कणा मोडला नसता. ३+१चा नियम धेंपोसाठीच केला होता असं म्हणा. त्या संघाला चॅम्पियन्स लीगचा गट मिळाला असता तर मी तुमच्यापेक्षा जास्त गुण दिले असते.

आणि २०१६ला धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघेही राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले ते दुःख वेगळंच. धेंपो तर त्याच वर्षी दुसरी श्रेणी जिंकून परत वर आला होता. २०२४-२५ला पुन्हा आय-लीगमध्ये दिसला तेव्हा मी पहिल्यांदा नातवाला घेऊन सामना पाहायला गेलो.

बोरीपार
२५ ऑक्टोबर, रात्री ८.१०

काका, हे मनापासून सांगतो, यावर स्वतंत्र धागा काढा. मी पहिला प्रतिसाद देईन. माझे वडील सांकवाळकरांचं नाव घेतल्याशिवाय गोलरक्षकाबद्दल बोलत नाहीत, तेही तिथे लिहितील. पण तुमचा एक मुद्दा या धाग्यावरही ठेवायलाच हवा: नियम कडक झाला की घरची मुलं किती आणि कशी, यावर सगळं ठरतं.

मुंबईतला_पेडणेकर
२५ ऑक्टोबर, रात्री ९.३०

इतका वेळ वाचत होतो. नोकरीमुळे दहा वर्षं मुंबईत आहे, पण शर्ट गोव्याचा नारिंगीच.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर २०२२मध्ये मिळालेलं आहे. मुंबई सिटी पुढच्याच वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये गेली. नियम तोच, ३+१. त्या संघात जाहू होता, फाल होता, मंदारही होता. सामने रियाधमध्ये. पहिल्याच सामन्यात अल शबाबकडून ०-३. सगळ्यांना वाटलं, संपलं. तीन दिवसांनी, ११ एप्रिलला इराकच्या एअर फोर्स क्लबला त्यांनी २-१ने हरवलं. चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. पुढे त्याच संघाला पुन्हा १-०ने हरवलं. सात गुण, गटात दुसरे. मध्ये अल शबाबकडून ०-६ही झालं, ते लपवत नाही.

तो पहिल्या विजयाचा सामना मी ऑफिसच्या कँटीनमध्ये फोनवर पाहिला. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण शिट्टी वाजल्यावर निळ्या शर्टातले जाहू आणि फाल बघून पोटात कसंसंच झालं. ते दोघे आणि मंदार हे आपलं घर सोडून तिथे पोचले होते. फातोर्ड्यावर व्हायला हवं होतं ते.

म्हणून माझा हिशेब: जाहू आणि फाल नक्की. तिसरा कोणीही चालेल. आणि सात नाही, कारण आपला गट जास्त अवघड होता. पर्सेपोलिसला १५ गुण मिळाले, अल वहदाला १३. तेरा गुण आपल्याला कुठल्याही संघाने मिळाले नसते. चार विजय आणि एक बरोबरी लागते त्याला. तिसरा क्रमांक तोच राहिला असता. प्रश्न एवढाच की एक विजय आला असता की नाही.

आकडेमोड
२५ ऑक्टोबर, रात्री १०.००

हे मला पूर्ण पटलं. आणि गर्दी असती तर, असं पुढे कोणी म्हणणार असेल तर आधीच सांगतो: परवा गर्दी होती आणि १-२ हरलो, २०२१ला पर्सेपोलिससमोर स्टँड रिकामे होते आणि तेव्हाही १-२च हरलो. गर्दीने गोल होत नाहीत. उलट यंदा ऑगस्टमध्ये ओमानच्या अल सीबला आपण २-१ने हरवलं, त्याचं श्रेय मी परदेशी खेळाडूंवरची मर्यादा उठली याला जास्त देतो.

माडगावची
२६ ऑक्टोबर, सकाळी १०.२०

गर्दीबद्दल मला थोडं वेगळं सांगायचं आहे. वाद घालायचा नाही, फक्त सांगायचं आहे.

आमचं घर स्टेडियमपासून इतकं जवळ आहे की गच्चीवरून दिव्यांचे चारही खांब दिसतात. एरवी सामना असला की संध्याकाळपासून खाली रस-ऑम्लेटच्या गाड्यांवर रांगा, गाड्या लावायला जागा नाही, आणि गोल झाला की आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात. एप्रिल २०२१मध्ये यातलं काहीच नव्हतं. दिवे लागायचे, रस्ता सुना. घरात सासरे आजारी होते, मी रात्री गच्चीवर फोन घेऊन बसायचे, तेवढाच मोकळा वेळ. आत खेळणाऱ्यांचं ओरडणं ऐकू यायचं. धीरज बचावपटूंना हाका मारतोय तेसुद्धा, इतकी शांतता. आशियातली सगळ्यात मोठी क्लब स्पर्धा माझ्या घरामागे चालली होती आणि गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

२६ तारखेचा, अल रय्यानचा सामना. फोनवरचं चित्र मैदानाच्या काही सेकंद मागे असायचं. तिसऱ्या मिनिटाला आतून आरडाओरडा ऐकू आला, आणि मग फोनवर ओर्टिझचा गोल दिसला. मी गच्चीवर एकटीच उड्या मारल्या. पुढे ऐंशीच्या वर मिनिटं आपण ती १-०ची आघाडी धरून ठेवली. समोर लोराँ ब्लांचा संघ, ज्याने फ्रान्सकडून विश्वचषक जिंकलाय त्याचा. घड्याळ ८८ दाखवत होतं. आणि पुन्हा आतून ओरडा आला. तो आपल्या मुलांचा नव्हता. शब्द कळले नाहीत, पण आवाजावरून कळलं. फोनवर अजून चेंडू मधल्या रेषेजवळ होता. ते पाच-सहा सेकंद मी स्क्रीनकडे बघत बसले, माहीत असूनही. मग फेरीदून गोल करताना दिसला. ८९वं मिनिट.

तीन दिवसांनी, शेवटच्या सामन्याच्या दिवशीच संध्याकाळपासून गोव्यात लॉकडाउन लागला.

आकडेमोड म्हणतात गर्दीने गोल होत नाहीत. मान्य. पण त्या शेवटच्या दहा मिनिटांत दमलेल्या पोरांना कोणीतरी बाहेरून ढोल वाजवून उभं धरायला हवं होतं असं मला आजही वाटतं. माझा एकटीचा आवाज पोचला नसता.

कुडचडेचा_बॅक
२६ ऑक्टोबर, दुपारी १२.१५

ताई, वाचून गप्प झालो थोडा वेळ.

शेवटच्या दहा मिनिटांचं मी मैदानातून सांगतो. १-०ने पुढे असताना बचाव करणाऱ्याला गोल नको असतो, विसावा हवा असतो. चेंडू कोणीतरी अर्धं मिनिट स्वतःकडे ठेवला तर पाठ सरळ करता येते, श्वास घेता येतो. तो मिळाला नाही की प्रत्येक वेळी चेंडू लांब मारायचा आणि तो पाच सेकंदांत परत येतो. असं दहा वेळा झालं की अकराव्यांदा कोणीतरी एक पाऊल उशिरा पोचतो. गोल तसाच होतो.

हे अर्धं मिनिट देणारा माणूस जाहू. दोघे अंगावर आले तरी पाठ करून उभा राहायचा, फाउल मिळवायचा, नाहीतर पिवळं कार्ड घेईल पण खेळ थांबवील. त्या एप्रिलमध्ये मध्यभागी ग्लॅन मार्टिन्स छाती फुटेस्तोवर पळत होता. आम्ही त्याला घरातल्या पोरासारखे बघत होतो. त्याच्या शेजारी शेवटची दहा मिनिटं जाहू हवा होता. कोरो नको, बुमूस नको, फाल मागे असेल तर देवाची कृपा. तेवढंच.

डिचोली_१०
२६ ऑक्टोबर, दुपारी १२.४०

आणि जुना संघ राहिला असता तर ग्लॅन तिथे नसताच, हेही लिहायला हवं. लेनी गेला म्हणून तो आला. ते सहा सामने खेळून तो जूनमध्ये दोह्यात कतारविरुद्ध भारताच्या मध्यभागी उभा राहिला. सॅन्सन, सेव्हियर गामा यांनाही अशा संघांसमोर कोण उतरवणार होतं? मला जुना संघ पूर्ण परत नकोय. आज दुपारपर्यंत हवा होता.

बोरीपार
२६ ऑक्टोबर, रात्री ९.५०

गाडीतल्या तिघांना धागा वाचायला दिला. त्यांच्या वतीने आणि माझ्या वतीने लिहितो.

आठ गुण मागे घेतो. जुना संघ अख्खा उतरवत नाही. २०२१चाच संघ, हुआन फेरांडोच प्रशिक्षक, धीरज गोलमध्ये, ग्लॅन मध्यभागी, ब्रँडन फ्री किकला. जाहूसाठी कोणाला वगळायचं यावर गाडीतल्या चौघांत दोन-दोन मतं पडली, म्हणून ती जागा मोकळी सोडतो. पर्सेपोलिसचे दोन्ही सामने हरलो, अल वहदाचा दुसराही हरलो, पहिल्या दोन बरोबऱ्या तशाच. फक्त २६ एप्रिलला, अल रय्यान ०, गोवा १. ओर्टिझ, तिसरं मिनिट.

तीन गुणांतला बरोबरीचा एक वजा, विजयाचे तीन अधिक. पाच गुण. क्रमांक तिसराच. आणि चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा पहिला विजय रियाधमध्ये ११ एप्रिल २०२२ला नाही, फातोर्ड्यावर, जवळपास एक वर्ष आधी.

माडगावची
२६ ऑक्टोबर, रात्री १०.१५

मला पाच पुरे. त्या रात्री गच्चीवर आधी आवाज आला असता, मग चित्र, आणि आवाज आपल्या मुलांचा असता.